मांजरीची नखे आणि माणसाचा दिवाणखाना : एका खांबाचा इतिहास

१/ मे १८९५. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उत्तर अमेरिकेतील पहिले मोठे मांजर-प्रदर्शन भरले. त्यात ‘कोझी’ नावाची लांब केसांची, तपकिरी पट्ट्यांची मांजरी सर्वोत्तम ठरली आणि तिला चांदीचा गळपट्टा मिळाला. मेन राज्यातील कोठारांत उंदीर मारणाऱ्या मांजरांच्या कुळाला त्या दिवशी प्रतिष्ठा लाभली.

२/ त्या कुळाला आज ‘मेन कून’ म्हणतात. पूर्ण वाढलेला बोका साधारण ६ ते ८ किलोंचा असतो. ‘स्टुई’ नावाच्या बोक्याची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १२३ सेंटिमीटर भरली आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली. एवढा प्राणी दिवाणखान्यात आला, तेव्हा त्याच्या नखांचे काय करायचे? या प्रश्नाला माणसाने दोन उत्तरे दिली. हा धागा त्या दोन उत्तरांचा.

३/ मांजर ओरखडते ते खोडसाळपणाने नव्हे. साप कात टाकतो, तसे तिचे नख वरचे जुने कवच टाकते आणि आतून धारदार नख पुढे येते. बोटांमधल्या ग्रंथींचा गंध त्या जागी उतरतो. ओरखडा ही दिसणारी खूण, गंध ही न दिसणारी. शिवाय पंजे रोवून अंग ताणले की पाठीचे आणि खांद्यांचे स्नायू मोकळे होतात.

४/ कोठारात या सवयीची कोणाला अडचण नव्हती. झाडाचे खोड, कुंपणाचा खांब, जुनी तुळई असे सारे हाताशी होते. मांजर रात्री घराबाहेर असे आणि तिचे ओरखडेही घराबाहेरच राहत.

५/ हे बदलण्यात एका साध्या मातीचा मोठा वाटा आहे. १९४७ साली मिशिगनमधील एड लो यांनी मांजराच्या विधीसाठी राख वा वाळूऐवजी ओल शोषणारी भाजकी माती दिली. पुढे ती पिशव्यांतून विकली जाऊ लागली. दुर्गंधीची अडचण सरली आणि मांजर बारा महिने बंद घरात राहू शकली. झाडाचे खोड मात्र तिच्याबरोबर आत आले नाही. त्याची जागा सोफ्याने घेतली.

६/ येथे माणसाने पहिले उत्तर दिले : नखेच काढून टाकावीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली. मांजरीचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते. ते पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच कापावे लागते. माणसाच्या हातावर कल्पना करायची, तर प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर छाटण्यासारखे हे कृत्य आहे.

७/ विरोध हळूहळू संघटित झाला. १९८७ साली स्ट्रासबुर्ग येथे झालेल्या पाळीव प्राण्यांविषयीच्या युरोपीय करारात, वैद्यकीय कारणाशिवाय नखे काढण्यास मनाई करण्यात आली. अमेरिकेत बंदी घालणारे पहिले राज्य न्यूयॉर्क. साल २०१९. कोझीला ज्या शहरात गौरविले गेले, तेथे तिच्या वंशजांच्या पंजांना कायद्याचे संरक्षण मिळण्यास १२४ वर्षे लागली.

८/ दुसरे उत्तर साधे होते : गमावलेले खोड घरात परत आणावे. बाजारात ज्याला ‘स्क्रॅचिंग पोस्ट’ म्हणतात, तो खांब हेच करतो. पण कोणताही खांब चालत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार हजारांहून अधिक मांजरपालकांची उत्तरे तपासली गेली. उभा, किमान ३ फूट उंच आणि दोर गुंडाळलेला खांब मांजरे अधिक वापरतात, असे त्यात दिसले.

९/ या खांबांवर सहसा सिसलचा दोर असतो. मेक्सिकोतील युकातानच्या सिसल बंदरावरून या धाग्याला नाव मिळाले. १८९३ साली रिचर्ड हिंडॉर्फ यांनी त्याची रोपे आजच्या टांझानियात नेली. पाठवलेल्या १००० रोपांपैकी ६२ जगली आणि त्यांतून एक अवाढव्य उद्योग उभा राहिला. नायलॉन येईपर्यंत शेतीची आणि जहाजांची बरीचशी बांधाबांध अशाच दोरांवर चाले.

१०/ मराठी वाचकाला ही वनस्पती परकी नाही. शेताच्या बांधावरचा घायपात, काही भागांत ज्याला केकताड म्हणतात, तो याच कुळातला. त्याच्या पानांतून निघणाऱ्या वाखाचे दोर ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना मांजरीची पसंती लगेच उमजेल. धागा चिवट असतो, नख त्यात रुतते, पण अडकून बसत नाही. गालिच्याच्या फाशांत ते अडकण्याची भीती असते.

११/ मोठ्या जातीसाठी निवड करताना हाच इतिहास उपयोगी पडतो. मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणलेली मेन कून जिथवर पोहोचते, त्याहून खांब उंच हवा. ३ फूट ही तिच्यासाठी सुरुवात समजावी. बुंधा जाड आणि तळ जड हवा. आठ किलोंचा बोका लटकला आणि खांब डगमगला, तर तो पुन्हा तिकडे फिरकत नाही. खोड कधी हलत नसे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

१२/ जागाही महत्त्वाची. ओरखडा ही खूण आहे आणि खूण कोपऱ्यात कोणी ठेवत नाही. म्हणून खांब झोपण्याच्या जागेजवळ किंवा ज्या सोफ्यावर राग आहे, त्याच्याच शेजारी ठेवावा. तो वापरल्यावर खाऊ दिला, तर सवय लवकर जडते. दोर झिजून पिंजला, तरी खांब लगेच फेकू नये. मांजरीच्या लेखी तो आता कुठे तिचा झालेला असतो.

१३/ मांजरीला घरात माणसाने आणले. तिचे झाडही माणसानेच सोडवले. त्यामुळे हा खांब म्हणजे तिच्यावर केलेला उपकार नाही, ती जुन्या देण्याची परतफेड आहे. ती बोटाच्या हाडापेक्षा फार स्वस्त पडते.

(समाप्त)