लाखेत उतरलेला हळवा आवाज

भिलाई म्हटलं की पोलाद. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि दुर्ग जिल्ह्याच्या भातशेतीत एक नवं शहर उभं राहिलं. सध्या एन.सी.सी.च्या पोस्टिंगवर माझा मुक्काम इथेच आहे. पण मित्रहो, आजचा विषय पोलाद नाही. या मुलखातला त्याहून जुना माल म्हणजे लाख, आणि त्या लाखेवर कोरली गेलेली हळवी गाणी.

निमित्त घडलं ते एका निवृत्त फोरमनकाकांमुळे. मूळचे नागपूरचे. क्वार्टर सोडायची वेळ आली, म्हणून सामान काढत होते. ट्रंकेत वडिलांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या : जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे, सैगल. मी एक उचलली तशी काका म्हणाले, "हलक्या हातानं धरा कर्नलसाहेब, पडली की काचेसारखी फुटून जाते."

फुटते, कारण ती लाखेची आहे.

आधी आवाजाबद्दल. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गावं लागे. त्या ध्वनिलहरींच्या जोरावरच सुई मेणात चर पाडी. कुजबुज त्या मेणापर्यंत पोचतच नसे. आपल्या नाटकांतही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल तोच आवाज टिके. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि हे चित्र पालटलं. मायक्रोफोनला हळू आवाजही पुरत असे. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी मोठ्या वाद्यवृंदासमोर उभा राहून असा गाऊ लागला, जणू समोर एकच माणूस बसलं आहे. अशा गायकांना तिकडे 'क्रूनर' म्हणत. लंडनचा लाडका क्रूनर अल बॉली तर १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवून गेला होता.

आपल्याकडे याच मायक्रोफोनने भावगीत घराघरांत पोचवलं. जी. एन. जोशी १९०९ साली खामगावात जन्मले आणि नागपुरात वकील झाले. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांनी गायली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी निघाली आणि मराठी घरांतून ती गाजली. ताना नाहीत, रंगमंच नाही; तीन-साडेतीन मिनिटांत एक कविता सरळ कानाशी येते. पुढे जोशी एच.एम.व्ही.त गेले आणि मोठमोठ्या गवयांची ध्वनिमुद्रणं त्यांनी केली. त्यांच्यानंतर गजाननराव वाटव्यांनी हेच भावगीत गावोगावच्या जाहीर कार्यक्रमांपर्यंत नेलं.

तेव्हाचा नकाशाही लक्षात घ्या. दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्गची राजधानी नागपूरच होती. एच.एम.व्ही.चा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला, आणि नागपूरला कलकत्त्याशी जोडणारा लोहमार्ग दुर्ग-भिलाईवरूनच जातो.

आता लाख. पळस, बोर आणि कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात आणि अंगातून राळ सोडतात. गावकरी, त्यांत बरेचसे आदिवासी, फांद्या तोडून ती खरवडतात. धुऊन, वितळवून तिचा चपडा होतो. छत्तीसगड आणि झारखंड आजही यात पुढे आहेत. दगडाची बारीक पूड आणि काजळी यांना बांधून ठेवायचं काम चपड्याचं, आणि तापल्या साच्यात त्याच मिश्रणाची तबकडी होई. त्या काळी जगातली बहुतेक लाख भारतातून जात असे. न्यूयॉर्क असो, लंडन असो की डमडम, प्रेमगीताखालचा पाया बहुतेक आपल्याच रानातला.

फौजी माणसाला यात रसद दिसते. दुसऱ्या महायुद्धात जहाजवाहतूक धोक्यात आली आणि लष्करी कामांनाही लाख हवी होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर मोठी कपात लादली. जुन्या तबकड्या गोळा करायच्या मोहिमा निघाल्या. पुढच्याच महिन्यात, २९ मे रोजी, क्रॉस्बीने 'व्हाइट ख्रिसमस' गायलं. घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी ते इतकं उचललं, आणि तबकड्या इतक्या काढल्या गेल्या, की मूळ साचा झिजला आणि १९४७ मध्ये गाणं पुन्हा मुद्रित करावं लागलं. १९४३ पासून अमेरिकी लष्कराने आपल्या जवानांसाठी 'व्ही-डिस्क' काढल्या, त्या न फुटणाऱ्या विनाइलच्या. अल बॉली मात्र युद्ध संपलेलं पाहू शकला नाही. एप्रिल १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात तो गेला. आवाज लाखेत राहिला.

खडकवासल्याला आम्हाला शिकवलं की पुढच्या रांगेतल्या जवानामागे रसद पोचवणारे अनेक हात असतात. गाण्याचंही तसंच. गायकाचं नाव तबकडीवर छापलं गेलं, फांदी खरवडणाऱ्या बाईचं कुठेच नाही. पण चौकीवरच्या शिपायाला किंवा गाव सोडून भट्टीवर आलेल्या कामगाराला रात्री जो आवाज सोबत करतो, त्यात तिचाही वाटा आहे.

काकांच्या तबकड्या भंगारात जाणार होत्या. विनंती केल्यावर त्यांनी त्या थांबवल्या आहेत. तुमच्याही माळ्यावर असतील तर एवढं करा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विनाइलची बारीक सुई लावू नका, ७८ ची रुंद सुई वेगळी मिळते. लेबलाजवळ कोरलेला क्रमांक वहीत उतरवून ठेवा. लेबल फाटलं तरी त्यावरून ध्वनिमुद्रण ओळखता येतं. आणि एकदा जाणकाराकडून डिजिटल प्रत करून घ्या.

काकांच्या ट्रंकेत एकूण ४१ तबकड्या निघाल्या. तीन तडकल्या आहेत, बाकी वाजतात. पुढच्या रविवारपासून यादी करायला बसतो आहोत.

जय हिंद!