हा हात माझा नव्हेच

आजचा भाग जे. पी. नगरमधल्या आमच्या घरातूनच. इथल्या मराठी शेजारातल्या एक काकू परवा म्हणाल्या, "यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात उचलत नाही. विचारलं तर म्हणतात, मला काय धाड भरलीय? हट्टी ते हट्टीच!"

काकू, हा हट्ट नव्हे. याला नाव आहे, आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे.

१९१४ साली पॅरिसच्या न्यूरॉलॉजी सोसायटीपुढे जोसेफ बाबिन्स्की यांनी असे रुग्ण मांडले. तळव्यावर रेघ ओढून अंगठा वर जातो का ते डॉक्टर बघतात ना, ती खूण यांचीच. डावं अंग लुळं पडलेल्या एका बाईंना सांगितलं, डावा हात हलवा. बाई गप्प, जणू दुसऱ्याच कुणाला सांगितलंय. बुद्धी बरीचशी शाबूत. सोंग तर नसेल, हा विचार बाबिन्स्कींनीही करून पाहिला होता. त्यांनी नाव दिलं ‘अ‍ॅनोसोग्नोसिया’, म्हणजे आपल्या आजाराचं भानच नसणं. पुढे १९४२ मध्ये, व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेलेल्या योसेफ गेर्स्टमान यांनी आणखी विचित्र प्रकाराला ‘सोमॅटोपॅराफ्रेनिया’ म्हटलं. यात रुग्ण म्हणतो, हा हात माझा नाही, डॉक्टरांचा आहे!

धक्का सोसवत नाही म्हणून मन नाकारतं, असं पुष्कळांनी म्हटलं. मला ते पुरेसं वाटत नाही. उजवं अंग गेलं तर धक्का काय कमी असतो? पण हा नकार बहुतेक डावं अंग गेलेल्यांतच दिसतो, म्हणजे उजव्या मेंदूला इजा झाल्यावर. आणि यात वेळ जातो. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रुग्ण "ठणठणीत आहे" म्हणतो आणि घरचे सकाळपर्यंत थांबतात. निम्हान्ससारखी संस्था जवळ असून उपयोग काय?

मनाच्या कारणाला खरा धक्का दिला थंड पाण्याने. १९८७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी डाव्या कानात थंड पाणी सोडलं. त्यानं आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय चाळवतं. काही रुग्णांना तेवढ्यापुरतं भान आलं! (घरी करू नका.) मद्रासला डॉक्टरी शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी अमेरिकेत एका बाईंवर हेच केलं. बाई म्हणाल्या, हात बरेच दिवस लुळा आहे. काही तासांनी विचारलं, तर हात छान चालतोय, आणि लुळा आहे असं आपण म्हणालोच नव्हतो.