जागा बदलणारा आवाज

आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींचा चाळीस मीटरचा पट्टा जुना सोबती. १९४२ साली मुंबईतला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर, म्हणजे याच पट्ट्यात बोलत होता. म्हणून त्याचा इतिहास मी अँटेनाच्या बाजूने वाचतो.

मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून 'चले जाव'ची हाक गेली आणि नेते तुरुंगात गेले. २७ ऑगस्टला बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चौपाटीच्या 'सी व्ह्यू' इमारतीतून प्रक्षेपण सुरू केले. चिमूर-आष्टीतले अत्याचार, जमशेदपूरचा संप अशा दडपलेल्या बातम्या लोकांपर्यंत गेल्या. 'भारतात कुठेतरी' एवढाच पत्ता श्रोत्यांना मिळे.

बातमी सांकेतिक भाषेत गुंडाळून चालणार नव्हते; ती सगळ्यांनी ऐकायची होती. लपवायची होती फक्त जागा, आणि जागा तर प्रत्येक प्रक्षेपणातून उघडी पडते. वेटोळ्याचा अँटेना फिरवत गेले की एका कोनात आवाज पार बुडतो. त्यावरून केंद्राची दिशा कळते. दोन ठिकाणांहून अशा रेषा ओढल्या की त्या छेदतात तिथे केंद्र सापडते.

म्हणून मुक्काम हलवत राहायचे. वाळकेश्वरचा रतन महाल, लॅबर्नम रोडचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचे लक्ष्मी भुवन, गिरगावातली पारेख वाडी, महालक्ष्मीचा पॅरडाइज बंगला. या तरंगलांबीची अर्धी तार म्हटली तरी २१ मीटर होते. गच्चीवर तार ताणणाऱ्या कुणालाही विचारा, दाट वस्तीत एवढी लांबी शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय प्रक्षेपक उचलायचा, पोहोचवायचा, पुन्हा जुळवायचा, तोही पोलीस मागावर असताना.

अडीच महिने हे चालले. १२ नोव्हेंबरला पोलीस पॅरडाइज बंगल्यात शिरले. पत्ता पकडलेल्या तंत्रज्ञाकडून मिळाला होता. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

आज संशोधक तरंगलांबीच्या अंशाएवढा सरकणारा अँटेना घडवत आहेत. तो अशा जागी नेतात की हव्या त्या ग्राहकाकडे लहरी एकमेकींना बळ देतात आणि चोरून ऐकणाऱ्याकडे एकमेकींना पुसतात. तेव्हा जागा बदलून बोलणारा वाचवायचा होता, आता बोलणे वाचवायचे आहे. अँटेना कुठे उभा आहे यावर बिनतारी संदेशाची सुरक्षितता ठरते, हा धडा मुंबईतल्या या तरुणांनी तुरुंगाची तयारी ठेवून गिरवला. आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गात तो त्यांच्या नावानिशी शिकवला गेला पाहिजे.