गव्हर्नरांचा गॅरी आणि कटाडिनचें अरण्य

पांडव महाप्रस्थानास निघाले तेव्हां त्यांच्या मागून एक कुत्राहि चालूं लागला. वाटेंत द्रौपदी व चौघे भाऊ एकामागून एक पडले. शेवटीं धर्मराज आणि तो कुत्रा एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला, परंतु स्वर्गांत कुत्र्यास मज्जाव होता, आणि कुत्र्यास टाकून जाण्यास धर्मराज राजी होईनात. ही कथा महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. सोबत्यासाठीं दार बंद असेल तर काय करावें, हा तिच्यांतील प्रश्न मात्र पुराणांतच राहिला नाहीं. विसाव्या शतकांत अमेरिकेच्या ईशान्य टोकास असलेल्या मेन संस्थानांत तो पुन्हां उभा राहिला, आणि तोहि मोठ्या चमत्कारिक रीतीनें.

पर्सिव्हल बॅक्स्टर यांचा जन्म १८७६ सालीं पोर्टलंड शहरीं एका श्रीमंत घराण्यांत झाला. १९२१ पासून १९२५ पर्यंत ते मेनचे गव्हर्नर होते. त्यांनीं लग्न केलें नाहीं. तांबूस केसांचे आयरिश सेटर जातीचे कुत्रे हीच त्यांची घरची मंडळी. त्यांपैकीं गॅरी नांवाचा कुत्रा त्यांच्याबरोबर सरकारी कचेरींतहि जात असे. १९२३ सालीं गॅरी मरण पावला, तेव्हां गव्हर्नरांनीं राजधानींतील निशाण अर्ध्यावर उतरविण्याचा हुकूम दिला! देशासाठीं प्राण वेंचणाऱ्यांस जो मान द्यावयाचा तो एका कुत्र्यास दिलेला पाहून माजी सैनिक संतापले व बरीच टीका झाली. बॅक्स्टर यांचें कुत्र्यांवरील प्रेम मात्र तिळभरहि उणें झालें नाहीं.

त्यांचें दुसरें प्रेम कटाडिन पर्वतावर होतें. ५,२६७ फूट उंचीचा हा पर्वत मेनमधील सर्वांत उंच. तो व भोंवतालचें रान लोकांसाठीं राखून ठेवावें ही त्यांची सूचना कायदेमंडळानें मानली नाहीं. तेव्हां अधिकार सुटल्यावर, १९३० सालीं, त्यांनीं स्वतःच्या पैशानें जमीन विकत घेण्यास आरंभ केला. तुकड्यामागून तुकडा जोडीत १९६२ पर्यंत त्यांनीं दोन लाख एकरांहून अधिक अरण्य संस्थानाच्या स्वाधीन केलें. अट एवढीच, कीं तें सदैव निसर्गस्थितींत राहावें आणि वन्य पशुपक्ष्यांस तेथें अभय असावें.

आणि याच बॅक्स्टर उद्यानाच्या दाराशीं पाळीव कुत्र्यास थांबावें लागतें! ज्या गृहस्थानें कुत्र्यासाठीं निशाण उतरविलें, त्याच्याच नांवाच्या अरण्यांत कुत्र्यास प्रवेश नाहीं. हा विरोधाभास वरवरचा आहे. घरीं कितीहि गरीब असला तरी कुत्रा हा लांडग्याच्या कुळांतला. त्याच्या नुसत्या वासानें हरिणें बुजतात, भुईवर घरटें करणारे पक्षी अंडीं टाकून उडून जातात, आणि पाळीव कुत्र्यांचे रोग रानांतील कोल्ह्यालांडग्यांस जडूं शकतात. एकदां वन्य पशूंस अभय दिलें म्हणजे आपल्या आवडत्यासहि उंबरठ्याबाहेर ठेवणें ओघानेंच येतें.

याचा जाच विशेषतः होतो तो ॲपलाचियन वाटेनें जाणाऱ्यांस. बेंटन मॅके यांनीं १९२१ सालीं या वाटेची कल्पना मांडली व १९३७ मध्यें ती पुरी झाली. जॉर्जियापासून चौदा संस्थानांतून सुमारें २,२०० मैल चालत आलेली ही पायवाट कटाडिनच्याच शिखरावर संपते. तिच्या बहुतेक भागावर कुत्रा नेतां येतो. परंतु ग्रेट स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानांतून जाणाऱ्या भागांत आणि येथें बॅक्स्टर उद्यानांत त्यास मनाई आहे. म्हणून महिनोन्महिने एकत्र चाललेला प्रवासी या ठिकाणीं आपल्या सोबत्यास कोणाच्या तरी हवालीं करतो आणि एकटाच पुढें जातो.

अपवाद फक्त सेवेसाठीं शिकविलेल्या कुत्र्याचा. १९९० सालच्या मार्चमध्यें बिल अर्विन नांवाचे अंध गृहस्थ ओरिएंट नांवाच्या जर्मन शेपर्ड कुत्र्यास घेऊन या वाटेस लागले. वाटेंत ते असंख्य वेळां पडले, पण मागें फिरले नाहींत. २१ नोव्हेंबर रोजीं त्यांची यात्रा पुरी झाली. सबंध वाट चालून जाणारे ते पहिले अंध पुरुष होत. ओरिएंट हा त्यांच्या करमणुकीचा सोबती नव्हता, तो त्यांचे डोळे होता. आणि माणसाचे डोळे दाराबाहेर काढून ठेवा असें कोणीच म्हणूं शकत नाहीं.

कुत्र्यासह भ्रमण करणाऱ्यांस मेनमध्यें इतर दारें उघडीं आहेत. समुद्रकांठच्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानांत सुमारें शंभर मैलांच्या पायवाटांवर कुत्रा नेतां येतो. शिवाय धाकटे जॉन रॉकफेलर यांनीं १९१३ ते १९४० या काळांत बांधविलेले, मोटारींस बंद असलेले गाडीरस्तेहि आहेत. गळ्यांतील दोरी सहा फुटांहून लांब नसावी, आणि लोखंडी शिड्या असलेल्या कड्यांवर त्यास नेऊं नये, एवढेंच पथ्य.

खुद्द बॅक्स्टर यांनींहि एक दार उघडें ठेवलेंच. पोर्टलंडजवळचें मॅकवर्थ बेट त्यांनीं १९४३ सालीं संस्थानास दिलें. तेथें वर्तुळाकार दगडी कुंपणाच्या आंत त्यांचे आयरिश सेटर पुरलेले आहेत, आणि त्यांच्या शेजारीं एक घोडाहि. त्या थडग्यांची निगा राखण्याचें संस्थानानें मान्य केलें. बेटाभोंवतीं सव्वा मैलाची सपाट वाट आहे. दोरीस बांधलेल्या कुत्र्यासह लोक तेथें फिरावयास येतात.

बॅक्स्टर १९६९ सालीं वारले. त्यांचीं हीं दोन्हीं दानें आजहि तशींच आहेत: कटाडिनचें अरण्य रानांतल्या पशूंचें, आणि मॅकवर्थचें बेट माणसाच्या मागून चालणाऱ्या कुत्र्याचें. धर्मराजांनीं सोबत्यासाठीं स्वर्ग नाकारला. कटाडिनच्या पायथ्याशीं आलेल्या प्रवाशासहि तसेंच मागें फिरतां येतें. परंतु तो कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून, परत येण्याचें वचन देऊन एकटा वर चढतो, तेव्हां रानांतील मुक्या जीवांशीं तोहि एक प्रकारें इमानच राखीत असतो.