ऑस्ट्रेलियातील हिरावलेली पिढी

ऑस्ट्रेलियात सुमारे १९१० ते १९७० या काळात असंख्य आदिवासी मुलांना, विशेषतः मिश्रवंशीय मुलांना, मातापित्यांपासून हिरावून घेण्यात आले. त्यांनी गोऱ्या समाजात विलीन व्हावे, हा हेतू होता. १९३७ च्या कॅनबेरा परिषदेत अधिकाऱ्यांनी त्यास मान्यता दिली. मुले सरकारी संस्थांत, गोऱ्या कुटुंबांत व ख्रिस्ती मिशनांतही ठेवली गेली. १९९७ च्या चौकशी अहवालानुसार, प्रदेश व काळानुरूप दहांतील एक ते तिघांतील एक मूल असे दुरावले. ख्रिस्तसभेतील ज्यांचा या अन्यायात सहभाग होता, त्यांच्याबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ साली क्षमा मागितली. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत क्षमायाचना केली. हरपलेले बालपण त्याने परतत नाही. परंतु सत्याच्या स्वीकाराविना समेटही संभवत नाही.