पुण्याचे नाक, लंडनची कीर्ती

१/ इ.स. १७९२च्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला.

२/ पुढे पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने ते नाक पुन्हा उभे केले. मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचे माप घेतले, तो पत्रा कपाळावर पसरून रेषा आखली आणि तेवढी त्वचा सोडवली. भुवयांमधला चिंचोळा पट्टा मात्र अखंड ठेवला.

३/ सारे मर्म त्या पट्ट्यात होते. त्वचेला जगण्यासाठी रक्तपुरवठा लागतो; तो पूर्ण तुटला की ती मरू शकते. पट्ट्यातून रक्त वाहत राहिल्याने खाली वळवलेली त्वचा नव्या जागी रुजे. सुमारे २५व्या दिवशी पट्टा छेदला जाई.

४/ ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ही हकीकत छापली. १८१४मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी याच पद्धतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

५/ हकीकतीत कावसजीचे नाव आहे, ग्रंथावर कार्प्यू यांचे. ज्याच्या हातात शस्त्र होते, त्याची नोंद मात्र केवळ जातीने झाली.