लाखोळी : एका बदनाम डाळीचा इतिहास

ब्रह्मपुरीच्या आसमंतात धानाची कापणी होण्यापूर्वीच शेतकरी ओल्या बांधीत लाखोळीचे बी फेकतो. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते. या पद्धतीस उतेरा म्हणतात. गरिबास याहून स्वस्त डाळ कोणती मिळणार? परंतु याच डाळीशी पंगुत्वाचा एक जुना इतिहास निगडित आहे.

सागरकडील गहू १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने व १८३१ साली रोगाने बुडाला. तिवडा, म्हणजेच लाखोळी, तेवढा तगला. लोकांनी तोच खाल्ला, आणि १८३३ पासून तिशीच्या आतील धडधाकट माणसांचे पाय एकाएकी जखडू लागले. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या स्लीमनने ही हकीकत १८४४ च्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे.

दोषी द्रव्य हाती लागण्यास मात्र १९६४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व सर्मा यांनी लाखोळीच्या बियांतून 'ओडॅप' हे अमिनो आम्ल वेगळे केले. शरीरातील ग्लुटामिक आम्लाशी त्याचे रूप इतके मिळते, की मज्जापेशी फसतात, अतिउत्तेजित होतात व अखेर मरतात. बुद्धी शाबूत राहते. गुडघे मात्र वाकतात आणि माणूस काठी टेकीत चवड्यांवर चालू लागतो. वनस्पती हे विष आपल्या प्रथिनांत गुंफीत नाही, सुटेच साठविते. पाण्याचा ताण पडला की त्याचे प्रमाण वाढते असे आढळले आहे. म्हणजे ज्या वर्षी दुसरे काही पिकत नाही, नेमक्या त्याच वर्षी ही डाळ अधिक विषारी!

विक्रीबंदीची तरतूद या शोधाच्या तीन वर्षे आधी, १९६१ सालीच झाली होती. महाराष्ट्राने ती अमलात आणली. तरी पूर्व विदर्भातील पीक काही थांबले नाही. कायदा करणाऱ्यांनी उपाशी माणसाच्या ताटात दुसरे काय वाढावयाचे याचा विचार केला नाही, हे कठोर वाटले तरी खरे आहे. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास बरेचसे विष निघून जाते, आणि मिश्र आहारात ती थोडी खाल्ल्याने पाय जात नाहीत. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली की धोका. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, आणि २००८ साली महाराष्ट्राने ती उठविली.

आता 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' असे अल्पविषारी वाण निघाले आहेत. मात्र मधमाश्या शेजारच्या बांधीतील जुन्या वाणाचा पराग आणतात, आणि घरचे बी राखणाऱ्याचा शुद्ध वाण काही हंगामांतच पुन्हा मिसळून जातो.